लाकूड कातण्याचा जुना लेथ घेताना झालेली फसवणूक

पुण्यालगतच्या एका जुन्या यंत्रांच्या व्यापाऱ्याने ‘सेंटर तंतोतंत जुळलेला’, म्हणजे लाकूड धरणारी समोरासमोरची दोन टोके एका रेषेत असलेला, म्हणून मला विकलेला लाकूड कातण्याचा लेथ (लाकूड फिरवून त्याला गोल आकार देणारे यंत्र) प्रत्यक्षात दोन वेगवेगळ्या यंत्रांचे भाग एकत्र करून उभा केलेला होता. ही लबाडी यंत्र चालवून पाहिल्यावरही लक्षात येत नाही, म्हणून ती सविस्तर लिहीत आहे.

व्यापाऱ्याने टेलस्टॉक (लाकडाला दुसऱ्या बाजूने आधार देणारा सरकता भाग) हेडस्टॉकजवळ (लाकूड फिरवणाऱ्या स्थिर भागाजवळ) आणून दोन्ही सेंटरांची टोके भिडवून दाखवली आणि मग सेंटरांमध्ये सागाचा तुकडा धरून सुबक लाटणे कातून दिले. दोन टोकांमध्ये धरलेले लाकूड त्या टोकांना जोडणाऱ्या रेषेभोवती फिरते, त्यामुळे ती रेषा स्पिंडलच्या (हेडस्टॉकमधल्या फिरत्या दांड्याच्या) अक्षापासून थोडी कलली तरी लाटणे गोलच उतरते. वाडग्याचा ठोकळा मात्र फेसप्लेटवर (स्पिंडलवर बसणाऱ्या चपट्या चकतीवर) किंवा चकमध्ये (जबड्यांनी पकडणाऱ्या साधनात) घट्ट बसवलेला असल्याने स्पिंडलच्याच अक्षाभोवती फिरतो, आणि टेलस्टॉकचे टोक त्या अक्षावर नसेल तर ते आधार देण्याऐवजी प्रत्येक फेरीत ठोकळ्याला बाजूला रेटत राहते. चकने पकडलेला ठोकळ्याचा खुंट अशाने सैल होतो. २५० मिमी व्यासाचा ठोकळा मिनिटाला ८०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याची कड सेकंदाला १० मीटरहून अधिक वेगाने धावत असते. तो सुटला तर समोर उभ्या माणसाच्या तोंडावर येऊ शकतो. पैसे गेले त्याहून हा धोका झाकून ठेवला गेला, याचा मला अधिक संताप आहे.

आंब्याच्या ठोकळ्यावर सेंटरच्या टोकाने ठिपक्याऐवजी वर्तुळ कोरले, तेव्हा मी टेलस्टॉक काढून त्याच्या तळाचा रंग खरवडला. आत पत्र्याच्या पट्ट्या होत्या, पुढे जाड आणि मागे पातळ, आणि फटी पुट्टीने बुजवलेल्या होत्या. बॅरल (टेलस्टॉकमधून आत-बाहेर सरकणारी, टोक धरणारी नळी) आत असताना टोक जुळत होते. बॅरल बाहेर काढत गेले की ते वर चढत होते. पत्रा घालून उंची साधणे यात गैर काहीच नाही, अनेक चांगले कारागीर ते करतात, परंतु ते रंगाखाली लपवून ‘मूळ यंत्र’ म्हणून विकणे ही उघड फसवणूक आहे.

जुना लेथ पाहायला जाताना प्लायवूडची एक चकती सोबत न्यावी आणि ती फेसप्लेटवर स्क्रूने बसवावी. टेलस्टॉकचे टोक तिला हलके टेकवून स्पिंडल हाताने फिरवला की जुळणी अचूक असल्यास ठिपका उमटतो, नसल्यास वर्तुळ उमटते, आणि त्या वर्तुळाची त्रिज्या म्हणजेच सेंटरांमधला फरक. हीच चाचणी बॅरल पूर्ण आत आणि पूर्ण बाहेर ठेवून, दोन्ही वेळा टेलस्टॉक पक्का आवळून करावी. दोन्ही टोकांना मोर्स टेपर (सेंटर बसवण्याचा प्रमाणित निमुळता आकार) असलेला दांडा मिळाला तर अक्षांचा तिरकेपणाही कळतो. विक्रेता यासाठी वेळ देत नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

‘जुना माल परत घेत नाही’ एवढेच उत्तर मला मिळाले. मात्र बिलावर ‘सेंटर जुळलेले’ हे शब्द मी आग्रहाने लिहून घेतले होते आणि रंग खरवडण्याआधीची व नंतरची छायाचित्रेही आहेत. त्यांच्या आधारे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. तिची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षे असते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही. प्राथमिक मार्गदर्शन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मिळते.