पेपर, पोथी आणि प्रोग्रेसिव्ह चष्मा

चाळिशी उलटली की पणजी-म्हापशाच्या दुकानांत हमखास सुचवला जातो तो प्रोग्रेसिव्ह चष्मा. वर लांबचा नंबर, खाली जवळचा, मधे रेघ नाही. वावरायला उत्तम. वाचायला घेणार असाल तर काय वाचणार, ते आधी ठरवा.

वाचताना नजर ओळीवरून सरळ सरकत नाही, ती उड्या मारते. दर मुक्काम साधारण पाव सेकंदाचा. अक्षरं कळतात ती तेवढ्यातच. ओळ संपली की मोठी उडी, पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. डोकं स्थिर ठेवून कागद ४० सेंमीवर धरला, तर पेपरच्या ४ सेंमी कॉलमसाठी नजर लेन्सवर जेमतेम अडीच मिमी फिरते. पुस्तकाच्या १० सेंमी ओळीला सव्वासहा मिमी लागतात, पोथीच्या २५ सेंमी ओळीला जवळपास १६. प्रोग्रेसिव्हमधला जवळचा स्वच्छ पट्टा मुळात अरुंद, आणि जवळचा वाढीव नंबर (वाचण्यासाठी लांबच्या नंबरात घातलेली भर) जितका जास्त तितका तो आक्रसतो. म्हणून 'नवप्रभा' सुखाने वाचून होतो, पण श्रावणात देवळात पोथी उघडली की ओळीची टोकं पुसट होतात. घ-ध, भ-म, थ-य यांत फरक कळेनासा होतो, परतणारी नजर भलत्याच ओळीवर पडते. मान वळवत वाचता येतं, पण तासभर ते कशाला? पोथीसाठी फक्त जवळच्या नंबराचा साधा चष्मा वेगळा करावा, हे आमचं स्पष्ट मत. डी-बायफोकलही चालतो, म्हणजे लांबच्या लेन्समध्ये खाली जवळच्या नंबराची डी आकाराची, २८ मिमी रुंद खिडकी असलेला चष्मा.

पेपरचा कॉलमही धूसर दिसत असेल तर दोष बहुधा मापात आहे. पीडी, म्हणजे बाहुल्यांमधलं अंतर, दोन्ही डोळ्यांचं एकत्र न घेता नाकाच्या मध्यापासून वेगवेगळं घ्यायला लावा. पुस्तकाच्या ओळीच्या सव्वासहा मिमीच्या कामातही २ मिमीची चूक फार मोठी असते. ओळीचं एकच टोक धूसर दिसलं तर पहिला संशय पीडीवर घ्यावा. वाचायला हनुवटी वर करावी लागली, तर लेन्स खाली बसली आहे. बसवलेली लेन्स दुकानातच तपासता येते: उजेडात तिरकी धरली की ३४ मिमी अंतरावर कोरलेल्या दोन बारीक खुणा दिसतात. कानाकडच्या खुणेखाली जवळचा वाढीव नंबर असतो, तो चिठ्ठीशी ताडून पाहा.

गोव्याच्या घामात फ्रेम नाकावरून २-३ मिमी सहज उतरते आणि वाचायचा पट्टाही तेवढाच खाली जातो. सिलिकॉनचे नोजपॅड घ्या, काड्या कानामागे नीट वाकवून घ्या. लेन्सला दोष देण्याआधी एवढं करून पाहाच.