भीष्म बांधायचाय, तर डबा कोणता घ्यायचा?

टी-९० रणगाड्याचं प्लॅस्टिक मॉडेल शोधायला गेलात की चार-पाच डबे समोर येतात आणि बहुतेकांवर चित्र सारखंच असतं: धूळ उडवत येणारा रणगाडा आणि तोफेच्या दोन्ही बाजूंना दोन लाल डोळे. आपल्याला हवा असतो तो भीष्म, म्हणजे भारतीय लष्कराचा टी-९०, २६ जानेवारीच्या संचलनात दिसणारा. त्याला हे डोळे नाहीतच. म्हणजे डब्यावरचं चित्र पाहून खरेदी केली तर हातात रशियन रणगाडा येतो, आणि त्याचा भीष्म कसा करायचा हे आपलं आपण बघायचं.

ते डोळे म्हणजे ‘श्टोरा’ या संरक्षण यंत्रणेचे दिवे. समोरून येणाऱ्या मार्गदर्शित क्षेपणास्त्राला ते इन्फ्रारेड झोताने चकवतात. भारताने ही यंत्रणा घेतली नाही. दिव्यांच्या जागी आपल्या रणगाड्यावर ‘कोन्ताक्त-५’ या स्फोटक चिलखताच्या विटा बसवलेल्या आहेत. त्यामुळे कुठलाही किट घ्या, तेवढी जागा स्वतः घडवावी लागणार हे आधीच गृहीत धरा. काम अवघड नाही, एका संध्याकाळचं आहे. त्याची कृती शेवटी सांगतो.

त्याआधी एक गोष्ट ठरवा: भीष्म कुठला? २००१ साली भारताने ३१० टी-९०एस रणगाड्यांचा करार केला. त्यातल्या अगदी सुरुवातीच्या तुकडीचे बुरूज (तोफ बसवलेला वरचा फिरता भाग) ओतीव, म्हणजे साच्यात ओतलेले होते, नंतरचे पोलादी पत्रे जोडून वेल्डिंग केलेले. चेन्नईजवळच्या ‘आवडी’ इथल्या कारखान्यातून देशात तयार झालेले रणगाडे २००९ पासून लष्कराला मिळू लागले. समोरून पाहिलं तर दोन बुरुजांमधला फरक फारसा कळत नाही, कारण पुढचा भाग चिलखताच्या विटांनी झाकलेला असतो. बाजूने आणि मागून मात्र लगेच कळतो. ओतीव बुरूज गोलसर आणि पृष्ठभागाला खरखरीत. वेल्डिंगचा बुरूज कोनदार, सांध्यांवर जोडाच्या रेघा.

ओतीव पोलाद प्रत्यक्षात कसं दिसतं ते बघायचं असेल तर अहिल्यानगरच्या, म्हणजे आपल्या जुन्या नगरच्या, कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये एक चक्कर मारा. तिथे पाकिस्तानकडून जिंकून आणलेला अमेरिकी बनावटीचा पॅटन रणगाडा उभा आहे. त्याच्या बुरुजावर तिरकस ऊन पडलं की ओतकामाचा खरखरीतपणा नुसत्या डोळ्यांना दिसतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तोफांपेक्षा रंग कुठे झिजलाय, चाकांच्या रबराचे तुकडे कुठे उडालेत हेच बघत बसलो होतो. सोबतचा भाचा कंटाळून बाहेर जाऊन बसला.

आता डबे. १/३५ या मापात, म्हणजे खऱ्या रणगाड्याच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या आकारात, तीन नावं लक्षात ठेवा.

झ्वेझ्दा ही रशियन कंपनी. तिचा टी-९० तिघांत जुना आणि सगळ्यात स्वस्त. बुरूज ओतीव, चाकांवरून फिरणारे पट्टे मऊ व्हिनाइलचे, प्रत्येक बाजूला एक अखंड पट्टी. तपशील जरा बोथट आहेत, काही सांध्यांना पुट्टी लागते. पण तुकडे कमी आणि प्लॅस्टिक मऊ, त्यामुळे कापाकापी करायला उत्तम.

ट्रम्पेटर चिनी. यांच्याकडे ओतीव आणि वेल्डिंग, दोन्ही बुरूज वेगवेगळ्या डब्यांत मिळतात. पट्टे एकेक कडी जोडून करायचे, सोबत इंजिनावरच्या जाळीसारख्या पातळ गोष्टींसाठी फोटोएच पितळ, म्हणजे रसायनाने कोरलेला पितळी पत्रा. डबा घेताना नाव नीट वाचा. दोन डब्यांत फरक एका शब्दाचा असतो आणि विक्रेते मथळ्यात तो शब्द हमखास गाळतात.

मेंग हाही चिनी, आणि तिघांत महाग. त्यांचा टी-९०ए वेल्डिंगच्या बुरुजाचा. टॉर्शन बारवरचं, म्हणजे पिळल्या जाणाऱ्या दांड्यांवरचं सस्पेन्शन खरोखर हलतं, पट्ट्याच्या कड्या जोडल्यावर पट्टा फिरतो. साच्यातून निघालेले तुकडे इतके रेखीव की पहिल्या दिवशी नुसते पालथे-उताणे करून बघण्यातच वेळ जातो.

मेंग सगळ्यात चांगला आहे यात वाद नाही. पण ‘चांगला’ आणि ‘तुम्ही घ्यावा असा’ यांत फरक आहे आणि तो पट्ट्यांपाशी कळतो. एका बाजूला ऐंशीच्या आसपास कड्या. प्रत्येक कडी स्प्रूवरून (तुकडे जिला जोडलेले येतात ती प्लॅस्टिकची चौकट) कापायची, टोक घासायचं, जोडायची. दोन बाजूंचे मिळून किमान दोन-तीन रविवार गेले म्हणून समजा. आणि एवढं करून दिसतं काय? टी-९०च्या बाजूंना झालर असते. वरून जाणारा पट्टा, त्याखालची परतीची छोटी चाकं, सगळं तिच्याआड जातं. पुढच्या चाकावरचा आणि मागच्या दातेरी चाकावरचा वळसा, आणि खालची सरळ रेघ, एवढंच काय ते नजरेला येतं. दुसऱ्या महायुद्धातल्या शर्मन किंवा टी-३४ रणगाड्यावर पट्ट्याचा झोल सगळ्यांना दिसतो, तिथे सुट्या कड्यांचे पैसे वसूल होतात. टी-९०वर आपण बऱ्याच अंशी झाकलेल्या गोष्टीचे पैसे मोजतो.

हलणाऱ्या सस्पेन्शनचंही तसंच. मॉडेल सपाट लाकडी पाटावर ठेवणार असाल तर त्याचा काही उपयोग नाही. उलट सहाही चाकं एका पातळीत आणायला जास्त धडपड करावी लागते. वाळूच्या उंचवट्यावर चढणारा रणगाडा दाखवायचा असेल, डायोरामा, म्हणजे जमिनीसकट छोटा देखावा करायचा असेल, तर मात्र मेंगला पर्याय नाही. चाकं जमिनीच्या चढउताराप्रमाणे आपोआप बसतात.

व्हिनाइलच्या पट्ट्यांना नावं ठेवायची फॅशन आहे. त्यांचे खरे दोष दोन. साधं प्लॅस्टिक सिमेंट त्यांना नीट धरत नाही, त्यामुळे टोकं सुपरग्लूने जोडावी लागतात. आणि पट्टा जास्त ताणलेला असला तर पुढचं चाक हळूहळू आत ओढलं जातं. चाकाचा आस पक्का वाळू द्या, मग पट्टा चढवा. बाकी झालर आहेच.

मापाचा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात, खरं तर तो आधी विचारायला हवा. खरा रणगाडा तोफेसकट सुमारे ९.५ मीटर लांब. १/३५ मध्ये तो २७ सेंटीमीटरचा होतो, रुंदी ११ सेंटीमीटरच्या आसपास. १/७२ मध्ये लांबी १३ सेंटीमीटर, म्हणजे तळहातावर बसेल एवढा. वन बीएचकेमध्ये, जिथे कामाचं टेबल म्हणजे जेवणाचंच टेबल असतं आणि रात्री साडेआठला ते रिकामं करून द्यायचं असतं, तिथे हा फरक मोठा आहे. झ्वेझ्दा आणि रेव्हेल या दोघांनीही १/७२ मध्ये टी-९० काढलाय. एका बुटाच्या खोक्यात अर्धवट मॉडेल, निपर, सॅंडपेपर सगळं मावतं. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं साधन) नसला तरी चालतं, चांगला ब्रश आणि पातळ केलेला ॲक्रिलिक रंग पुरतो. मात्र याच मापात डोळ्यांची जागा भरायची तर विटा दोन-चार मिलिमीटरच्या होतात. चाळिशीचा चष्मा लागलेल्यांनी हे लक्षात घ्यावं. छोटं म्हणजे सोपं असं समजून १/७२ घेणारे पुष्कळ भेटतात. सोपं असतं ते रंगकाम, बांधकाम नाही.

आणखी एक सावधगिरी. टी-९०एमएस नावाचे डबेही दिसतील, झ्वेझ्दाचा आहे, टायगर मॉडेलचा आहे. २०११ मध्ये जगासमोर आलेला तो नंतरचा अवतार, बुरुजाचा आकार आणि चिलखत दोन्ही वेगळं. मॉडेल देखणं होतं, पण त्यातून संचलनातला भीष्म करायचा म्हणजे बुरूज जवळजवळ नव्याने घडवणं आलं.

रंगाच्या बाबतीत तिन्ही डबे सारखेच बिनकामाचे, कारण आतली रंगांची पत्रिका आणि डिकल (मॉडेलवर चिकटवायचे आकडे आणि खुणा) रशियन रणगाड्यांची असतात. भीष्मसाठी वाळूचा फिकट रंग मूळ धरायचा. मी तामिया कंपनीच्या ‘बफ’ रंगामध्ये थोडा ‘डेझर्ट यलो’ मिसळतो आणि त्यावर हिरवे पट्टे फोटो बघून मारतो. रणगाड्याच्या लष्करी नंबरातला वर टोक केलेला बाण आणि आकडे बारीक ब्रशने काढावे लागतात किंवा डिकलच्या कोऱ्या कागदावर छापून घ्यावे लागतात. धुळीसाठी पहिल्या वेळी मी घरातला गेरू चाळून वापरला होता. रणगाडा राजस्थानातून नाही, रत्नागिरीहून आल्यासारखा दिसू लागला. आता खडूची पूड वापरतो, पिवळसर करड्या रंगाची. मागे बांधलेला लाकडी ओंडका मात्र प्लॅस्टिकचा लावूच नका. तुळशीची वाळलेली काडी १/३५ला हुबेहूब ओंडका दिसते, सालीसकट.

एअरब्रश वापरणार असाल तर पाऊस हाही निवडीचा मुद्दा आहे. मुंबईत किंवा कोकणात जुलैत लॅकर मारला की हवेतला ओलावा रंगात अडकतो आणि वर पांढुरकी झाक येते. कॉम्प्रेसरच्या नळीतही पाणी साचतं, मॉइश्चर ट्रॅप (पाणी अडवणारी गाळणी) नसेल तर ते थेंब थेट मॉडेलवर उडतात. माझ्या एका बुरुजावर असे तीन डाग अजून आहेत, त्यांना मी पावसाचे डाग म्हणतो. म्हणून जूनमध्ये डबा उघडणाऱ्याने मेंग घेतलेला बरा. पावसाळाभर कड्या जोडत बसायचं, रंग दसऱ्यानंतर. दिवाळीत घेतलेल्या किटला ही अडचण नाही.

मग घ्यायचं काय? आयुष्यातला पहिलाच रणगाडा असेल आणि भीष्मच करायचा असेल तर झ्वेझ्दाचा १/३५ घ्या आणि सुरुवातीच्या तुकडीतला, ओतीव बुरुजाचा भीष्म करा. कापताना सुरी घसरली तरी जीव खालीवर होणार नाही, आणि हे मी नक्की सांगतो की ती घसरतेच. दोन-चार मॉडेल हातून झाली असतील आणि आवडीच्या त्या कारखान्यात बनलेला, कोनदार बुरुजाचा भीष्म हवा असेल तर मेंगचा टी-९०ए सगळ्यात जवळचा. डोळे काढले की निम्मी लढाई संपली. ट्रम्पेटर मी फक्त एकाच परिस्थितीत सुचवीन: ओतीव बुरूज हवाय, पण झ्वेझ्दाचे बोथट तपशील सहन होत नाहीत. ओळखीचं कुणी परदेशातून येणार असेल तर त्यांच्या बॅगेत जागा मागा. कुरियरने एकच किट मागवला की वाहतूक आणि कस्टम ड्यूटी मिळून डब्याच्या किमतीचा सगळा हिशेब बिघडतो.

आता त्या डोळ्यांची कृती. दिवे लावूच नका, त्यांची बैठक सपाट घासून घ्या. शेजारच्या विटेवर कागद ठेवून पेन्सिलीने घासा, आकाराचा छाप मिळेल. तो १ मिलिमीटर जाडीच्या कोऱ्या प्लॅस्टिक शीटवर चिकटवून दोन्ही बाजूंसाठी तुकडे कापा. दुसरी बाजू आरशातल्यासारखी उलटी काढायची आहे हे विसरू नका. मी विसरलो होतो आणि दोन डाव्या विटा घेऊन बसलो. कडा हलक्या हाताने मोडा, कारण खऱ्या विटांच्या कडा धारदार नसतात. मग पातळ सिमेंटचा एक थेंब आणि रात्रभर हात न लावणं.