‘काकू, द्याल ते’: शेजारच्या मुलीकडून दहा महिने घेतलेल्या सेवेचा अभिप्राय

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत समोरच्या इमारतीत राहणाऱ्या, अकरावीत शिकणाऱ्या मुलीने गेल्या जूनपासून मार्चअखेरपर्यंत आमच्या चार वर्षांच्या मुलाला एकूण ३१ वेळा सांभाळले. आम्ही दोघेही नोकरी करतो आणि सासर-माहेर दोन्ही सांगलीकडचे असल्यामुळे ‘आजीकडे ठेवून येऊ’ ही सोय आम्हाला नाही. रोजच्या दिवसासाठी पाळणाघर आहे. अडचण येते ती पाळणाघर बंद असतानाच्या वेळांची, म्हणजे शनिवारची एखादी बैठक, दवाखान्यातली खेप, यशवंतराव चव्हाण नाट्यगृहातला प्रयोग किंवा डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सवाची एखादी संध्याकाळ. अशा वेळी मूल सांभाळायला मिळणारी मदत कशी होती हे सांगण्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे. परंतु मूल सांभाळण्यापेक्षा मोबदला ठरवणेच आम्हाला जास्त जड गेले, म्हणून अधिक मजकूर त्याविषयी आहे.

पहिल्या वेळी आम्ही चार तासांनी परतलो. मी कपाटातून एक रुपयाचे नाणे चिकटवलेले पाकीट काढले, त्यात शंभराची नोट घातली आणि तिच्या हातावर ठेवले. पाकीट हातातून सुटताक्षणी काहीतरी चुकल्याचे मला जाणवले, कारण असे पाकीट आपण मुंजीत किंवा बारशाला देतो, कामाबद्दल कोणी देत नाही. दुसऱ्या दिवशी तिची आई जिन्यात भेटली. “अहो, पैसे कसले देता? घरचीच तर आहे ती,” असे म्हणाली आणि संध्याकाळी ओल्या नारळाच्या करंज्यांचा डबा पाठवून दिला. हिशेबच मांडायचा तर त्या करंज्यांची किंमत आमच्या १०१ रुपयांहून नक्कीच जास्त भरली असती. थोडक्यात, सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने चार तास एक मूल जिवापाड सांभाळले आणि तो सगळा व्यवहार दोन घरांच्या देवाणघेवाणीत विरघळून गेला. ज्या मुलीने काम केले तिला नेमके काय मिळाले, हे कोणीच विचारले नाही.

मी एका सहकारी बँकेत काम करते, त्यामुळे विरघळलेले हिशेब मला झोपू देत नाहीत. पुढच्या खेपेआधी तिला घरी बोलावून सरळ विचारले की, तासाला किती द्यायचे? तिने मान खाली घालून उत्तर दिले, “काकू, द्याल ते.” हे उत्तर ऐकायला गोड वाटते, पण त्यात सगळा भार ऐकणाऱ्यावर येतो आणि सगळे नुकसान बोलणाऱ्याचे होते. आमच्या स्वयंपाकाच्या मावशी दर जानेवारीत “वहिनी, यंदा तीनशे वाढवा,” असे न अडखळता सांगतात. पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० साली संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. तेव्हापासून या शहरात पगारवाढ, सुट्टी आणि दिवाळीचा बोनस हे शब्द घरकामाच्या संदर्भात मोकळेपणाने उच्चारले जातात. शेजारच्या सुशिक्षित घरातल्या मुलीला मात्र ही भाषा कोणी शिकवलेली नसते, उलट पैशाचे नाव काढू नये असेच शिकवलेले असते. त्यामुळे आकडा उच्चारण्याची जबाबदारी मोठ्यांनी घ्यायला हवी, असे माझे मत झाले.

आकडा काढण्यासाठी मी आजूबाजूचे तीन दर ताडून पाहिले. आमच्या पाळणाघराचे महिन्याला ५,५०० रुपये होतात. दिवसाचे नऊ तास आणि महिन्याचे चोवीस दिवस धरले तर तासाला साधारण २५ रुपये पडतात. पहिल्या पाकिटाचा दरही नेमका हाच होता, आणि यजमानांनी लगेच तो योग्य असल्याचा निर्वाळा दिला. त्यात एकच गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. पाळणाघरात एका ताईंकडे दहा मुले असतात, म्हणजे त्यांच्या एका तासाचे २५० रुपये जमा होतात. जागाभाडे आणि इतर खर्च त्यातूनच जातो हे मान्य केले, तरी एका मुलासाठी एक व्यक्ती बांधून ठेवायची आणि दर मात्र दहातल्या एका वाट्याचा द्यायचा, हे गणित बरोबर नाही. दुसरा दर एका एजन्सीचा होता. त्यांच्याकडे तासावर कोणी मिळत नाही, कमीत कमी आठ तासांचे १,२०० रुपये, म्हणजे तासाला १५० रुपये होतात. तिसरा दर मावशींचा होता. रोज एक तास, महिन्याचे सव्वीस दिवस आणि ३,५०० रुपये, म्हणजे तासाला सुमारे १३५ रुपये.

आम्ही १२० रुपयांवर थांबलो. मावशींपेक्षा पंधरा रुपये कमी ठेवण्याचे कारण असे की तिला स्वयंपाक किंवा आवराआवर करायची नव्हती आणि काही अडले तर तिचे आईवडील शंभर पावलांवर होते, म्हणजे जबाबदारीचा काही भाग न मागता तेच उचलत होते. ‘वय लहान म्हणून दर कमी’ हे कारण मात्र मी मानले नाही, कारण तिच्या हाती सोपवलेले मूल तिच्या वयाच्या प्रमाणात लहान होत नाही. १२० या आकड्याचे आणखी एक कारण मी कबूल करते: त्यात मिनिटाला बरोबर दोन रुपये होतात आणि उशीर झाला तर दारातच हिशेब करता येतो. पहिल्या खेपेचे राहिलेले ३७९ रुपये मी नंतर तिला दिले. ते घेताना ती इतकी संकोचली की माझ्यावरच काही उपकार करत आहे असे वाटावे.

वयाचा प्रश्न दुसऱ्या अंगानेही तपासायला हवा. सोसायटीतल्या एका गृहस्थांनी मला सुचवले की सातवीतली मुलगी पन्नास रुपयांत आनंदाने येईल. ती आनंदाने येईलही, परंतु बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास मनाई आहे. शाळा सांभाळून स्वतःच्या कुटुंबाला हातभार लावणे आणि बालकलाकार म्हणून काम करणे असे मोजकेच अपवाद त्यात आहेत, आणि शेजाऱ्याचे मूल सांभाळणे त्यांत बसत नाही. चौदा ते अठरा या वयातल्या मुलांना धोकादायक नसलेले काम करता येते. त्याच कायद्यात, दुकाने-उपाहारगृहांसारख्या आस्थापनांत या वयाच्या मुलांना संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत कामाला लावू नये आणि सलग तीन तासांनंतर निदान एक तास विश्रांती द्यावी, असे नियम आहेत. आमचे घर म्हणजे काही आस्थापना नव्हे, तरी ते नियम मी माप म्हणून वापरले. शक्य तेवढी कामे आम्ही दुपारी ठेवली आणि सातनंतरच्या प्रत्येक तासाला १५० रुपये ठरवले, म्हणजे उशीर करण्याची किंमत आमच्याच खिशाला जाणवत राहील.

दर ठरल्यावरही वाद संपला नाही. चिरंजीव दुपारी दीड तास झोपतात आणि त्या वेळात ती अकाउंट्सची गणिते सोडवत बसते, तेव्हा झोपेच्या वेळेचे निम्मेच पैसे द्यावेत, असा ठराव आमच्या घरात मांडला गेला. मी यजमानांना विचारले की, रात्री चोर आला नाही म्हणून आपण वॉचमनचा पगार कापतो का? झोपलेल्या मुलाजवळ जागे असलेले माणूस असावे, यासाठीच तर आपण पैसे मोजतो. ठराव मागे घेण्यात आला. एकदा प्रयोग ऐनवेळी रद्द झाला आणि आम्ही तिला तासभर आधी ‘येऊ नकोस’ असे कळवले. त्या तीन तासांचे निम्मे पैसे दिले. गणपतीत मध्यवस्तीतल्या रस्त्यांवरच्या गर्दीत अडकून चाळीस मिनिटे उशीर झाला, तेव्हा पूर्ण तासाचे दिले. तिला घरी पोचवायला लागणारी पाच मिनिटेही आमच्याच हिशेबात धरली.

पैसे कोणाच्या हाती द्यायचे, हाही साधा प्रश्न नव्हता. सुरुवातीला तिच्या आईच्या मोबाइलवर पैसे पाठवले. तीन खेपांनंतर सहज चौकशी केली तर त्या रकमा किराणा सामानात कधीच मिसळून गेल्या होत्या आणि मुलीला त्यांचा पत्ताही नव्हता. आईची चूक मी म्हणणार नाही, घर असेच चालते. पण दहा वर्षांवरील मुलांना स्वतः चालवता येईल असे बचत खाते उघडण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ सालापासून दिलेली आहे, हे मी दोघींना सांगितले. आई हसली आणि पुढच्याच आठवड्यात मुलीचे खाते उघडले गेले.

दिवाळीत पुन्हा पेच पडला. मावशींना एक महिन्याचा पगार बोनस देतो, मग हिला काय द्यायचे? शेवटी आधीच्या दोन खेपांइतकी रक्कम खात्यावर भरली आणि फराळाचा डबा नेहमीप्रमाणे त्यांच्या घरी गेला. डबा शेजाराचा आणि रक्कम कामाची. भाऊबीजेला ती स्वतःहून निरांजनाचे तबक घेऊन आली आणि तिने चिरंजीवांना ओवाळले, तेव्हा तबकात घालायला ते नाण्याचे पाकीट उपयोगी पडले. त्या दिवशी ते पाकीट पहिल्यांदा योग्य जागी पोचले.

आता सेवेविषयी. ती वेळेच्या पाच मिनिटे आधी येते. फ्रिजवर लावलेल्या कागदावरचे १०८ आणि ११२ हे क्रमांक तिने पहिल्याच दिवशी पाठ केले, गॅसची खटकी बंद आहे का हे तिने मला विचारले, आणि काचेचा पेला फुटला तेव्हा आम्ही दारात पाऊल टाकण्याआधीच ते सांगून टाकले. जेवणाच्या बाबतीत मात्र ती कमी पडते. वरणभाताचे चार घास पोटात गेले की तिचे समाधान होते, आणि पावसाळी दुपारी मुलाच्या हातात मोबाइल देऊन गप्प बसवण्याचा मोह तिला आवरत नाही. चाचणी परीक्षेमुळे एकदा तिने दोन तास आधी नकार कळवला. त्या दिवशी चिडचिड झाली, पण तिच्या वेळापत्रकात आमच्यापेक्षा परीक्षेला वरचे स्थान असणे हेच बरोबर होते. पाचपैकी साडेचार गुण देते. अर्धा गुण त्या मोबाइलचा.

पहिली खेप, दिवाळीची रक्कम आणि रद्द झालेल्या दिवसाचे पैसे वगळता वहीत ९० तासांची नोंद आहे: सातच्या आतले ७६ तास आणि सातनंतरचे १४ तास, मिळून ११,२२० रुपये. दोन माणसांच्या घराबाहेरच्या जेवणाशी आणि नाटकाच्या तिकिटांशी तुलना केली तर हा खर्च मला कधीच डोळ्यांत खुपला नाही.

एप्रिलपासून तिचे बारावीचे क्लास सुरू होत असल्यामुळे ती येणार नाही. तिच्या जागी तिने आपली एक मैत्रीण सुचवली आहे, बी इमारतीतली. गेल्या रविवारी ती भेटायला आली, तेव्हा तासाला १२० रुपये देऊ असे मी आधीच सांगून टाकले. तिने शांतपणे उत्तर दिले, “काकू, तिने मला सांगितलंय की नवीन वर्षापासून १३५ म्हण आणि सातनंतर १६५.” मी यजमानांकडे पाहिले, ते वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले होते. येत्या शनिवारी ती साडेतीनला येणार आहे.