मियाटा ट्रॅकवर: सोळा महिने, अकरा दिवस

कॅलिफोर्नियातल्या थंडरहिल या रेस ट्रॅकच्या दुसऱ्या वळणावर मी पहिले पाच दिवस गाडीलाच दोष देत होते. हे वळण डावीकडे जातं आणि लांबलचक आहे. जवळजवळ अर्धं वर्तुळ फिरून होतं, तरी संपता संपत नाही. मी स्टिअरिंग वळवायचे आणि गाडी पुढून बाहेर सरकायची. अजून वळवलं की टायर ओरडायचे आणि गाडी तेवढीच बाहेर जायची. घरी येऊन मी कडक स्प्रिंगा आणि जाड अँटीरोल बार (वळणात गाडीचं कलणं कमी करणारे दांडे) शोधून ठेवले होते. दोन हजार डॉलरच्या आसपासचा खर्च होता. तो मी केला नाही. वळण मात्र सुटलं, आणि ते कसं सुटलं हे सांगण्यासाठीच एवढं लिहिते आहे.

गाडी २०१९ ची माझदा एमएक्स-५, अमेरिकेतलं नाव मियाटा, क्लब मॉडेल, सहा गिअर हाताने टाकायचे. वापरलेली घेतली. दोन लिटरचं इंजिन १८१ हॉर्सपॉवर देतं आणि ७,५०० आरपीएमपर्यंत फिरतं. वजन साधारण १,०६० किलो. क्लबमध्ये बिलस्टाइनचे शॉक ॲब्सॉर्बर आणि मागे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याकडे जोर पोचवणारा भाग) कारखान्यातूनच येतं. ट्रॅकवर जायचं असेल तर वापरलेल्या गाड्यांत हेच मॉडेल शोधा, डिफरन्शियल नंतर बसवून घेणं महागात पडतं. सरळ रस्त्यावर जवळपास सगळे तुम्हाला मागे टाकतात, हे आधीच सांगते. मला त्याचं वाईट वाटत नाही. हलक्या गाडीत चूक झाली की ती सावकाश आणि स्पष्ट कळते, आणि शिकणाऱ्याला याहून मोठी सोय नाही.

मी फ्रीमाँटला राहते. विलोजजवळचं थंडरहिल गाडीने अडीच-तीन तासांवर आहे आणि अकरापैकी आठ दिवस मी तिथेच होते. उरलेले तीन मॉन्टेरीजवळच्या लगुना सेकाला. दिवसात चार किंवा पाच फेऱ्या, प्रत्येक वीस-पंचवीस मिनिटांची. ही शर्यत नसते. नवख्यांच्या गटात शेजारच्या सीटवर शिकवणारा बसतो, आणि पुढे जायचं ते ठरलेल्या जागी, पुढच्याने खिडकीतून हात दाखवल्यावरच. माझे बाबा एसटीत चालक होते, वाई-महाबळेश्वर मार्गावर. त्यांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग घाटासारखंच की. चढणाऱ्याला वाट द्यायची आणि हात दाखवायचा." बाबांचं आणखी एक वाक्य पुढे येणार आहे.

उघड्या टपाची गाडी असल्यामुळे रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी लोखंडी कमान, आधी बसवावा लागला. बहुतेक आयोजक त्याशिवाय मियाटा आत घेत नाहीत. तपासणीची पद्धत साधी असते: हेल्मेट घालून सीटवर बसायचं, रोल बारच्या माथ्यापासून विंडशील्डच्या चौकटीपर्यंत झाडूचा दांडा धरायचा, डोकं त्याच्या खाली राहिलं पाहिजे. मी पाच फूट तीन इंच, मला अडचण आली नाही. सहा फुटांच्या माणसाने गाडी घेण्याआधी हे बघावं. हेल्मेट स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या एसए प्रमाणपत्राचं, म्हणजे गाड्यांच्या शर्यतींसाठीचं, घ्या. मोटरसायकलच्या हेल्मेटला आगीपासून संरक्षणाची ती चाचणी नसते. नेहमीचा विमा बहुतेक वेळा ट्रॅकवरचं नुकसान भरून देत नाही, म्हणून मी दर वेळी त्या दिवसापुरता वेगळा काढते.

आता ब्रेकबद्दल, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. तिसरा दिवस जुलैतला होता, हवा ४१ अंश. दुपारच्या फेरीत लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी पाय ठेवला आणि पेडल नेहमीपेक्षा खूप खाली गेलं. ब्रेक लागला, पण उशिरा आणि मऊ. पुन्हा दोनदा दाबलं तेव्हा पेडल वर आलं. मी हात वर करून वेग उतरवला आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या थांबवायच्या जागेत, आले. चूक माझी होती, गाडीतलं ब्रेक ऑइल किती जुनं आहे हे मी बघितलंच नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १५५ च्या पुढे कधीही. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय त्या बुडबुड्यांना दाबत बसतो.

त्या रात्री बाबांना सांगितलं. ते लगेच म्हणाले, "ज्या गिअरात घाट चढायचा, त्याच गिअरात उतरायचा. तू ब्रेकवर उतरत असशील." पसरणी घाटासाठी हा सल्ला सोन्यासारखा आहे. ट्रॅकवर तो उलटा होतो, हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं. घाटात उतार मैलोनमैल चालतो, म्हणून काम इंजिनावर सोपवून ब्रेक थंड ठेवायचा. ट्रॅकवर ब्रेकिंग दोन-तीन सेकंदांचं, जोरात, आणि मग ब्रेकला श्वास घ्यायला मोकळा पट्टा. वेग उतरवायचं काम ब्रेकचंच. गिअर खाली टाकायचा तो वळणातून बाहेर पडताना इंजिन हाताशी असावं म्हणून. मी घाटाच्या सवयीने गिअरांवर वेग उतरवत होते, त्यात ब्रेकवरही लांबच लांब, हलका पाय ठेवून होते. त्यामुळे ब्रेकला थंड व्हायला वेळच मिळत नव्हता. उशिरा पण ठाम दाबायला लागल्यावर ब्रेक कमी तापायला लागले.

ऑइल मात्र बदललंच. मोट्यूलचं आरबीएफ ६०० घातलं, नवीन असताना ते ३१२ अंशांना उकळतं. घरीच गाडी जॅकवर चढवली. नवरा पेडलवर, मी चाकाशी. "दाब... धर... आता सोड." तासाभरात चारही चाकांच्या ब्रेकमधलं जुनं ऑइल आणि त्यातली हवा काढून झाली. आता दर तीन ट्रॅक दिवसांनी एवढं करते. पॅडही ट्रॅकचे घातले. ते थंड असताना चिरकतात, चाकं काळी करतात, आणि रस्त्यावर पहिल्या सिग्नलला जरा जास्त पाय मागतात. पण पंचविसाव्या मिनिटाला पेडल पहिल्या मिनिटासारखंच लागतं. सोळा महिन्यांत पैसे सर्वांत जास्त सार्थकी लागले ते या दोन गोष्टींवर. मोठे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे भाग) एवढ्या हलक्या गाडीला माझ्या वेगात लागत नाहीत, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

टायर. गाडीबरोबर आलेल्या पोटेंझा एस००१ वर मी पहिले चार दिवस काढले आणि ते बरं केलं. रस्त्यावरचा टायर पकड सुटण्याआधी बराच वेळ ओरडून सांगतो. पाचव्या दिवसापासून २०० ट्रेडवेअरचे, म्हणजे लवकर झिजणारे पण जास्त पकडीचे, टायर घातले, मूळ मापातच, २०५/४५ आर १७. ट्रॅकच्या एका चकरेमागे चार-पाच सेकंद तिथल्या तिथे कमी झाले, पण दुसऱ्या वळणावरचं सरकणं तसंच राहिलं, फक्त जास्त वेगात. टायर बदलून चूक जात नाही, हे त्या दिवशी कळलं.

हवेचं गणित मी वहीत लिहून ठेवते. गाडीच्या दरवाज्यावर २९ पीएसआय लिहिलेलं आहे, ते थंड टायरसाठी आणि रस्त्यासाठी. ट्रॅकवर सकाळी २७ भरून निघाले तर पहिल्या फेरीनंतर ३३ दिसतात. पिटमध्ये आल्या आल्या मोजायचं, गप्पा मारत बसलं की टायर निवतो आणि आकडा खोटा येतो. माझ्या टायरांना गरम असताना ३२ ते ३३ मानवतं. त्याच्या वर गेलं की शेवटच्या दहा मिनिटांत गाडी तेलावर चालल्यासारखी वाटते. चाकांचे नट दर फेरीनंतर टॉर्क पान्याने तपासते, ११५ न्यूटन मीटर.

अलाइनमेंटबद्दल, म्हणजे चाकांच्या कोनांबद्दल, टायरनेच सांगितलं. जुन्या संचात पुढच्या दोन्ही टायरांचा बाहेरचा खांदा गोल होऊन गेला होता आणि आतला भाग जवळपास नवा. वळणात गाडी कलते तेव्हा बाहेरचं चाकही कलतं आणि टायर कडेवर उभा राहतो. या गाडीला पुढे डबल विशबोन सस्पेन्शन आहे, मूळच्या बोल्टवरच कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बराच हलवता येतो. पुढे उणे १.८ अंश, मागे उणे १.६ करून घेतला (उणे म्हणजे चाकाचा माथा आत), पुढे टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं, शून्य, मागे अगदी थोडा आत. खर्च फक्त मजुरीचा. टायर आता सपाट झिजतात आणि हायवेवर काही फरक जाणवत नाही. पहिल्या दुकानात कारखान्याच्या आकड्यांपलीकडे हात लावायला नकार मिळाला होता. ज्यांच्याकडे शर्यतीच्या गाड्या उभ्या दिसतात अशा ठिकाणी जा आणि आकडे कागदावर लिहून न्या.

एवढं करूनही दुसरं वळण पूर्ण सुटलं नव्हतं. सहाव्या दिवशी शेजारी एक वयस्कर शिकवणारे बसले. फार बोलत नव्हते. दोन फेऱ्या बघून त्यांनी एवढंच सांगितलं की ब्रेक दाबतेस छान, पण सोडतेस गरम तव्यावरून हात काढल्यासारखा. तिसऱ्या फेरीत ते ब्रेकवर पायाचा दाब किती टक्के हवा ते मोठ्याने मोजत होते: शंभर, ऐंशी, साठ, चाळीस, वीस.

मी काय करत होते ते मग लक्षात आलं. सरळ रेषेत जोरात ब्रेक, मग पाय झटक्यात वर, मग स्टिअरिंग. ब्रेक लावलेला असतो तेव्हा गाडीचं वजन पुढे आलेलं असतं, पुढचे टायर रस्त्याला घट्ट दाबलेले असतात. पाय झटक्यात उचलला की नाक वर येतं, वजन मागे जातं, आणि नेमक्या त्याच क्षणी मी पुढच्या टायरांना वळ म्हणत होते. ते कसे वळणार? ब्रेक हळूहळू सोडत, तेवढंच हळूहळू स्टिअरिंग वाढवत वळणात शिरलं की वजन पुढेच राहतं आणि नाक आपणहून आत वळतं. पेडल ज्या प्रमाणात वर येतं त्या प्रमाणात हात वळतात, जणू पायाला आणि हातांना एकच दोरी बांधलेली आहे. या गाडीचं कलणं तेव्हा माझ्या कामाला आलं. कडक स्प्रिंगांवर वजन झपकन इकडून तिकडे गेलं असतं, इथे ते जाताना पाठीला कळतं. लांब वळण असल्यामुळे पुढचा धडाही तिथेच मिळाला: मधल्या भागात घाई न करता थोडा स्थिर ॲक्सिलरेटर धरायचा, बाहेरची वाट दिसू लागली की मगच उघडायचा. जीपीएसच्या नोंदीत पूर्वी त्या वळणाच्या मध्यावर वेगाचा खड्डा दिसायचा, आता तिथे उथळ वाटी दिसते. पहिल्या दिवशी ट्रॅकची एक पूर्ण चक्कर २ मिनिटं २४ सेकंदांची होती, गेल्या महिन्यात २ मिनिटं १४. त्यातले किमान निम्मे सेकंद पायाचे आहेत.

हाच पाय उतावळा झाला तर काय होतं तेही सांगते. तिसऱ्या वळणावर रस्ता बाहेरच्या बाजूला कललेला आहे. आठव्या दिवशी मी तिथे जास्त वेगात शिरले, घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला, आणि शेपूट सुटलं. दोन्ही पाय आत, क्लच आणि ब्रेक, एवढं आठवलं. गाडी उलट तोंड करून गवतात थांबली, काही लागलं नाही. इशारा मिळेपर्यंत हलायचं नाही, मग पिटमध्ये जाऊन सांगायचं. त्यानंतरची फेरी मी मुद्दाम सावकाश केली.

लगुना सेका वेगळं प्रकरण आहे. १९५७ साली सुरू झालेला हा ट्रॅक डोंगरात आहे, म्हणून मला तो लगेच आपला वाटला. कॉर्कस्क्रू म्हणजे आठवं वळण आणि त्याचा जोडीदार आठ-ए, त्या दोघांत रस्ता १८ मीटर खाली कोसळतो, पाच मजली इमारतीएवढा. चढावर ब्रेक लावत वर यायचं, पुढे फक्त आकाश, आणि डावीकडे वळायचं ते न दिसणाऱ्या रस्त्यावर. उजवीकडच्या वळणासाठी झाडाकडे नाक धर असं तिथे सगळेच सांगतात, ते खरं आहे, रस्ता झाडाखालूनच उलगडतो. मला मात्र कॉर्कस्क्रूपेक्षा त्याच्या पुढचं नववं वळण अवघड गेलं. उतारावर, डावीकडे, वेगात, आणि तिथे पाय उचलायचा मोह होतो. लगुना सेकाला आवाजाची मर्यादाही आहे, बहुतेक दिवशी ९०-९२ डेसिबल. मूळ सायलेन्सरच्या मियाटाला काही होत नाही, मोठा आवाज करून आणलेल्या गाड्यांना परत पाठवलेलं मी पाहिलं.

खर्चाचं म्हणाल तर थंडरहिलचा दिवस मला अडीचशे-तीनशे डॉलरला पडला, लगुना सेकाचा चारशेच्या पुढे. पेट्रोल ट्रॅकवर लिटरला पाचेक किलोमीटर. डिकी १३० लिटरची, त्यात जॅक, पाना, हवेचा मीटर, ऑइल आणि डबा मावतो, चाकांचा दुसरा संच मावत नाही, म्हणून ट्रॅकच्या टायरांवरच घरून निघते. पाऊस असेल तर हे जपून करावं लागतं.

स्प्रिंगा मी अजून घेतलेल्या नाहीत. पुढे घेईनही कदाचित, २ मिनिटं १० च्या खाली गेल्यावर. त्याआधी मला अजून न जमलेली एक गोष्ट आहे, ब्रेकवर पाय असतानाच टाचेने ॲक्सिलरेटर दाबून गिअर खाली टाकणं. पेडलं मला थोडी लांब पडतात, म्हणून ॲक्सिलरेटरवर रुंद पत्रा बसवून बघणार आहे. पुढची तारीख ऑक्टोबरात, लगुना सेका. मागचे पॅड गेल्या वेळी ५ मिलिमीटर होते, या शनिवारी पुन्हा चाक काढून मोजायचे आहेत.