पोटातला केमो पोर्ट: काढेपर्यंतचा अनुभव

पोर्ट, म्हणजे सुईने केमोचं औषध सोडायची कातडीखालची छोटी डबी, आता काढलाय, त्यामुळे त्याच्याबद्दल जरा शांतपणे लिहिता येईल. अंडाशयाच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन झालं, तेव्हाच सर्जननी तो उजवीकडे खालच्या बरगड्यांवर, कातडीखाली बसवला. वरून हात फिरवला की जाड नाण्याएवढा उंचवटा लागायचा. त्याला जोडलेली सिलिकॉनची मऊ नळी कातडीखालून जाऊन पोटाच्या पोकळीत उघडते आणि औषध थेट तिथेच पडतं. हा कॅन्सर बराच काळ पोटाच्या आवरणावरच पसरत राहतो, म्हणून ही खटपट. पण औषध गाठीत जेमतेम काही मिलिमीटर शिरतं. त्यामुळे ऑपरेशननंतर मागे राहिलेल्या गाठी अगदी लहान, एक सेंटिमीटरच्या आत असतील तरच याचा विचार करतात.

बरगड्यांवरच का, ते पहिल्यांदा सुई टोचताना कळलं. खाली हाड असल्यामुळे सिस्टरना पोर्ट दोन बोटांत घट्ट धरता येतो. मऊ पोटावर असता तर निसटत राहिला असता. तोटा एकच, ब्राचा पट्टा नेमका तिथेच काचतो. ऑपरेशनच्या आधी पट्टा येतो तिथे पेनाने खूण करून सर्जनना दाखवा. हे आपणहून कोणी सांगत नाही.

टोचण्याचं फार मनावर घेऊ नका. ह्यूबर नावाची खास सुई असते, तिच्या टोकामुळे पोर्टचा रबरी पडदा खराब होत नाही. चिमटा बसतो आणि संपतं. शिरेतल्या पोर्टमधून रक्त ओढून बघतात, तसं इथे करत नाहीत. इथे रक्त यायचंच नसतं. आधी नुसतं सलाईन ढकलून बघतात. ते सहज जायला हवं, सुईच्या आजूबाजूला फुगायला नको. जरा जरी जळजळलं तरी तेव्हाच सांगा, औषध सुरू झाल्यावर नाही.

खरा त्रास पाण्याचा. औषध मिसळलेलं एक लिटर सलाईन, त्यानंतर साधं आणखी एक लिटरपर्यंत. पोट तट्ट फुगतं, श्वास वरवर चालतो, सारखं लघवीला लागल्यासारखं वाटतं. सलाईन कोमट केलेलं आहे ना, हे दर वेळी विचारा. थंड गेलं की पोटात कळा येतात. सगळं आत गेलं की दर पंधरा मिनिटांनी कूस बदलायची, म्हणजे औषध कानाकोपऱ्यात पोचतं. मला डावी कूस नकोशी व्हायची, का ते देव जाणे. हे पाणी परत काढत नाहीत, शरीर ते हळूहळू शोषून घेतं. तोवर नाडीची सैल विजार, बाकी काही नाही.

मळमळ, हातापायांना मुंग्या, कानात गुंजणं याचं खापर मात्र पोर्टवर फोडू नका. ते सिस्प्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधांचं काम.

शेवटाकडे माझी नळी अडायला लागली. सलाईन थेंब थेंब जायचं. पोटात आतले भाग एकमेकांना चिकटल्यामुळे किंवा नळीभोवती पापुद्रा धरल्यामुळे असं होतं म्हणे. मग उरलेले डोस शिरेतून दिले. मला फार वाईट वाटलं होतं, पण नंतर आकडे वाचले. अमेरिकेतल्या ज्या अभ्यासामुळे 2006 साली या पद्धतीचा इतका बोलबाला झाला, त्यातसुद्धा पोटातले सहाच्या सहा डोस फक्त 42 टक्के बायकांना पुरे करता आले होते. तरीही त्या गटाचं मध्यक आयुष्य (निम्म्या बायका याहून जास्त जगल्या) 65.6 महिने निघालं, नुसत्या शिरेतून औषध घेणाऱ्यांचं 49.7. पुढे 2019 मध्ये छापून आलेल्या मोठ्या अभ्यासात, जिथे सगळ्यांनाच बेव्हासिझुमॅब हे गाठीचा रक्तपुरवठा रोखणारं औषधही दिलं होतं, असा फायदा दिसला नाही. म्हणून आता डॉक्टरांची मतं वेगवेगळी असतात. तुमचे डॉक्टर नको म्हणाले तर ते मागासलेले आहेत असं समजू नका. हो म्हणाले, तर तिथल्या सिस्टर हे काम नेहमी करतात का, एवढं नक्की विचारा. माझ्या मते पोर्ट कोणत्या कंपनीचा यापेक्षा हात कोणाचा, यावर जास्त अवलंबून असतं.

काढणं सोपं गेलं. जागा बधिर केली, ओढल्यासारखं वाटलं, थोडे टाके. माझा दुसरा, शिरेतला पोर्ट अजून ठेवलाय, तो निदान रक्त काढायला तरी उपयोगी पडतो.