जुने संगणक: विकावेत, बदलून घ्यावेत की चुरा करून टाकावेत?

विंडोज १० ला मिळणारी सर्वसाधारण सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नसल्यामुळे अनेक कार्यालयांत पन्नास-शंभर संगणक एकदमच निर्लेखनाला (हिशेबातून काढून टाकायला) आले आहेत. हा विषय बहुधा प्रशासन विभागाकडे जातो आणि तेथे ‘नगाला किती मिळतील’ या एकाच कसोटीवर निकालात निघतो. वास्तविक येथे दोन निर्णय स्वतंत्रपणे घ्यायचे असतात: डिस्कवरील माहितीचा आणि यंत्राचा. पहिला निर्णय यंत्र कंपनीच्या फाटकाबाहेर जाण्यापूर्वी अमलात आला, तर दुसऱ्यात चूक झाली तरी नुकसान थोडक्यात आटोपते.

माहिती नष्ट करण्याच्या पद्धतींची तुलना डिस्कच्या प्रकारानुसारच करावी लागते. फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कवर सर्वत्र एकदा नवी नोंद लिहून ती तपासली, तर सामान्य व्यावसायिक गरजेसाठी तेवढे पुरते. सात किंवा पस्तीस वेळा लिहिण्याचा आग्रह जुन्या तंत्रज्ञानाच्या काळातला आहे. एक टेराबाइटच्या डिस्कला साधारण दोन-तीन तास लागतात, पण अनेक यंत्रे रात्रभर एकाच वेळी लावून ठेवता येत असल्याने ही अडचण वाटते तितकी मोठी नाही. एसएसडीला, म्हणजे फिरत्या तबकड्यांऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कला, मात्र हा उपाय लागू पडत नाही, कारण तिचा नियंत्रक झीज सारखी वाटली जावी म्हणून नोंदींच्या जागा सतत बदलत राहतो आणि काही साठा संगणकाला दिसतच नाही, त्यामुळे वरून कितीही लिहिले तरी जुने काही तुकडे आत राहू शकतात. तिच्यासाठी उत्पादकाने दिलेली अंतर्गत पुसण्याची आज्ञा वापरावी लागते, किंवा डिस्क पहिल्या दिवसापासून कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) असेल तर तिची किल्ली नष्ट करणे पुरेसे ठरते. मात्र बिटलॉकरची, म्हणजे विंडोजमधील कूटबद्ध करण्याच्या सोयीची, पुनर्प्राप्ती किल्ली बहुधा सर्व्हरवर किंवा एखाद्या खात्यात जतन केलेली असते. तीही काढल्याशिवाय हे काम पूर्ण झाले असे मानू नये.

चुंबकीय यंत्राने डिस्क निकामी करणे जलद असले तरी ती पुन्हा वापरता येत नाही, आणि एसएसडीवर चुंबकाचा काहीच परिणाम होत नाही. चुरा करणे हा निर्विवाद मार्ग आहे, पण हार्ड डिस्कसाठी बसवलेल्या यंत्राच्या जाड तुकड्यांत एसएसडीची एखादी छोटी चिप अखंड निसटू शकते, म्हणून तुकड्यांचा आकार आधीच विचारून घ्यावा. माझ्या मते चालू स्थितीतील डिस्क पुसावी आणि फक्त बंद पडलेली किंवा वेतन व ग्राहकांची संवेदनशील माहिती असलेली डिस्क आवारातच, आपल्या माणसासमोर, चुऱ्यात घालावी. सरसकट सगळ्याच डिस्क फोडणाऱ्या कंपनीला यंत्रांच्या किमतीचा काही भाग स्वतःच घालवल्याचे सहसा लक्षात येत नाही.

यंत्रासाठी भंगारवाला सर्वांत सोपा, कारण तो रोख देतो आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो पाठवतो. तथापि त्यापुढील वाटेवर कोणाचेच नियंत्रण नसते: दिल्लीतील सीलमपूरसारख्या ठिकाणी तांब्यासाठी तारा जाळल्या जातात आणि सोन्यासाठी सर्किट बोर्ड आम्लात बुडवल्या जातात. कायद्याचीही बाजू आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार वर्षात कधीही अनुसूचीतील किमान १,००० विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणे वापरणारी संस्था ‘मोठा ग्राहक’ ठरते आणि तिने ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरणकर्ता किंवा पुनर्चक्रणकर्ता यांच्याकडेच द्यायचा असतो. या अनुसूचीत प्रिंटर, टेलिफोन, वातानुकूलन यंत्रे आणि फ्लोरोसंट दिवेही मोडतात, त्यामुळे दोन-तीनशे कर्मचाऱ्यांचे कार्यालयही ही मर्यादा सहज ओलांडू शकते.

नवी खरेदी त्याच वेळी होणार असेल, तर उत्पादकाची बदली योजना कमी कटकटीची ठरते, पण जुन्याची किंमत नव्याच्या सवलतीत मिसळलेली असल्याने ती वेगळी लिहून मागावी. पाच वर्षांच्या आतील, चालू यंत्रांना नूतनीकरणकर्ता सहसा अधिक भाव देतो. त्याहून जुन्या किंवा मोडक्या यंत्रांसाठी पुनर्चक्रणकर्ताच योग्य. दोघांचीही नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर त्यांच्याच नावाने आणि पत्त्याने आहे का, हे पाहावे. केवळ विघटनाचा (यंत्रे सुटी करण्याचा) जुना परवाना दाखवणाऱ्याला नव्या नियमांत स्वतंत्र वर्ग उरलेला नाही. शाळेला दान देणे चांगलेच, परंतु दहा वर्षांचे संगणक देणे म्हणजे आपला ई-कचरा तिच्या वर्गखोलीत हलवणे होय.

स्वस्त निविदेचा मोह आवरावा यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. मॉर्गन स्टॅन्ले या अमेरिकी वित्तसंस्थेने हजारो डिस्क निकालात काढण्याचे काम माहिती नष्ट करण्याचा अनुभव नसलेल्या एका सामान-वाहतूक कंपनीला दिले. काही यंत्रे ग्राहकांच्या माहितीसह ऑनलाइन लिलावात विकली गेली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तेथील रोखे नियामकाने तिला साडेतीन कोटी डॉलरचा दंड केला. आपल्याकडील डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्येही वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि काम दुसऱ्याकडे सोपवले म्हणून मूळ संस्थेची जबाबदारी सुटत नाही. म्हणून प्रमाणपत्र ‘८० संगणक नष्ट केले’ अशा एका ओळीचे न घेता त्यात प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक, वापरलेली पद्धत आणि तारीख असावी, आणि ती यादी मालमत्ता नोंदवहीशी जुळवल्यावरच अंतिम देयक द्यावे.

भाड्याने घेतलेल्या यंत्रांना यांपैकी कोणताही पर्याय खुला नसतो, कारण ती परतच करायची असतात. त्यात झेरॉक्स यंत्र हमखास विसरले जाते, वास्तविक मोठ्या बहुउपयोगी यंत्रांत अनेकदा हार्ड डिस्क असते आणि प्रती काढलेल्या कागदांच्या प्रतिमा तिच्यावर राहू शकतात. डिस्क पुसण्याचे किंवा किंमत मोजून ती ठेवून घेण्याचे कलम करारावर सही करतानाच घालून घ्यावे. मुदत संपल्यावर ते पुरवठादाराच्या मर्जीवर राहते.