पॉलीपेन्कोचा लाँग प्रॅक्टिस चँटर: पाईप बँड उभा करायचा असेल तर हाच घ्या

मी नाशकात एका शाळेचा पाईप बँड (बॅगपाईप आणि ड्रमचा) बसवतो, त्यामुळे हा रिव्ह्यू बँड शिकवणाऱ्याच्या नजरेतूनच आहे. ज्याला घरी हौस म्हणून वाजवायचंय त्यालाही उपयोग होईल, पण माझा सगळा जीव बँडमध्येच अडकलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बॅगपाईपला एक पिशवी, तीन ड्रोन म्हणजे एकच स्वर धरून ठेवणाऱ्या नळ्या (एक बास, दोन टेनर) आणि ज्याच्यावर बोटं फिरतात तो चँटर. प्रॅक्टिस चँटरला पिशवी नाही, ड्रोन नाहीत, नुसती नळी, आत प्लास्टिकची रीड (फुंकल्यावर थरथरून आवाज काढणारी पट्टी), थेट तोंडाने फुंकायचं. ह्याचं आतलं भोक सरळ असतं, मोठ्या पाईपच्या चँटरचं खाली रुंद होत जातं, म्हणून ह्याचा आवाज एक सप्तक खाली आणि एकदम मऊ येतो, सिडकोतल्या फ्लॅटमध्ये रात्री वाजवला तरी शेजारी दार वाजवत नाहीत. स्वर मोजून नऊ. ड्रोन सतत सा धरून बसतात आणि वर चँटरवर चक्क आपला खमाज थाट, कोमल नी सकट, त्यामुळे ज्या पोरांनी थोडंफार हार्मोनियम केलंय त्यांना स्वर पटकन सापडतात.

आता मुद्द्याचं. आधी आमच्याकडे शिसवीचे स्वस्तातले चँटर होते, हजार-बाराशेवाले. एकटा वाजवला तर चालून जायचं पण सहा पोरं एकत्र वाजवायला बसली की एकाचा ग चढलेला, दुसऱ्याचा ध उतरलेला, आणि भोकावर कितीही काळी टेप लावा (सगळे पायपर स्वर उतरवायला तेच करतात, साधी इलेक्ट्रिकची टेप) तरी सहाचा एक आवाज काही होत नव्हता. वरून नाशिकचा पावसाळा, लाकूड फुगलं की जोड उघडता उघडत नाही आणि एप्रिलमध्ये तोच जोड ढिला पडून हवा गळते. पालक म्हणायचे पोरं बेसूर वाजवतात. पोरं बेसूर नव्हती हो, वाद्यच तसं होतं!

पॉलीपेन्को म्हणजे एक टणक प्लास्टिक. त्याचे सगळे पीस मशीनवर एकाच मापात कातलेले असतात, सगळ्यांना एकाच जातीची रीड बसवली आणि सारखी आत ढकलली की बॉक्समधून काढल्या काढल्या जवळपास एका सुरात येतात. हे किती मोठं आहे ते बँड चालवणाऱ्यालाच कळेल. आमचे सर आर्मीतून पाईप मेजर, म्हणजे पाईप बँडचे प्रमुख, म्हणून रिटायर झालेले, ते पहिल्या दिवसापासून सांगायचे की पाईप मेजर म्हणजे पुढे काठी घेऊन चालणारा माणूस नाही, पाईप मेजर म्हणजे कान. नॉर्दर्न आयर्लंडच्या फील्ड मार्शल माँटगोमेरी बँडचे रिचर्ड पार्क्स बघा, १९८१ ला पाईप मेजर झाले, पाईप बँडची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप (आम्ही वर्ल्ड्स म्हणतो) १९९२ ला, म्हणजे अकरा वर्षं नुसता बँड घडवण्यात गेली, आणि २०२२ पर्यंत एकूण तब्बल १३ वेळा जिंकले. त्यांचा बँड ऐका, वीस-बावीस पाईप वाजत असतात आणि कानाला एकच मोठा पाईप लागतो. कॅनडाचे बिल लिव्हिंगस्टन तर पेशाने वकील, सोलोमधली गोल्ड मेडल्स मिळवलेला माणूस, त्यांच्या सेव्हन्टी एट्थ फ्रेझर हायलँडर्सने १९८७ ला स्कॉटलंडबाहेरचा पहिला बँड म्हणून वर्ल्ड्स जिंकलं. वर्ल्ड्स ग्लासगोला होतात, तिथे चार जज असतात, दोन पाईपचे, एक ड्रमचा, एक सगळ्याचा मिळून परिणाम बघणारा, त्यामुळे एकटा उस्ताद असून भागत नाही.

मला सगळ्यात जवळचे वाटतात ते स्टुअर्ट लिडेल. त्यांचं इन्व्हरेरी म्हणजे स्कॉटलंडमधलं अगदी छोटं गाव, तिथल्या पोरांना शिकवत शिकवत खालच्या ग्रेडपासून बँड वर नेला आणि २०१७ ला वर्ल्ड चॅम्पियन. त्या पोरांची सुरुवातही ह्याच नळीवर. आमच्या पंचवटीतल्या पोरांना हे सांगितलं की ती दुप्पट जोराने बसतात, खरंच.

बोटांचं म्हणाल तर बॅगपाईपमध्ये हवा मधे थांबवताच येत नाही, एकच स्वर दोनदा वाजवायचा तर मधे ग्रेसनोट, म्हणजे एक निसटता छोटा स्वर, टाकावीच लागते, जीभ मारून काम होत नाही. म्हणून डबलिंग, बर्ल, थ्रो हे ग्रेसनोटचे ठरलेले प्रकार, हे सगळं आधी अतिशय हळू बसवायचं. ह्या चँटरवर बोट जरा उशिरा उचललं की मधला चुकीचा स्वर लगेच टचकन ऐकू येतो. जुन्या शिसवीवर तो दबून जायचा आणि पोरं तीच चूक घेऊन मोठ्या पाईपवर जायची, मग ती मोडता मोडत नाही.

तक्रारी आहेतच. महाग आहे, बाहेरून मागवला की शिपिंग आणि कस्टम धरून शाळेच्या बजेटला घाम फुटतो, आम्ही माजी विद्यार्थ्यांकडून वर्गणी काढली. मे महिन्यात घामाने बोटं सरकतात. थुंकी साठून रीड मधेच गप्प होते, अर्ध्या तासाने खोलून झटकावीच लागते. आणि लाँग साईझची भोकं लांब लांब आहेत, पाचवी-सहावीच्या पोरांची करंगळी खालच्या भोकापर्यंत पोचत नाही, त्यांना चाइल्ड साईझच घ्या, नाहीतर मनगट वाकडं करून धरायची सवय लागते.

आणि कृपा करून सुरुवातीलाच पूर्ण बॅगपाईप घेऊ नका, दुकानदार कितीही गळ घालू दे. निदान सहा महिने चँटर, पाच-सहा धुना पाठ, मग पिशवी. ऑर्डर करताना दोन रीड जास्तीच्या आणि जोड घट्ट करायला मेण लावलेला धागा सोबतच मागवा, नाशकात मेन रोडपासून कॉलेज रोडपर्यंत फिरलो, रीड कुठेच मिळाली नाही. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा किमतीसाठी कापला.